पहिल्या नंबरची ठेव

आमच्या टेबलावर ‘पैज’ हा शब्द काढायला बंदी होती. बंदी मीच घातली होती. आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला, पण एवढा महाग दुसरा कुठला नाही.

राफाएला गावातला आमचा क्लब म्हणजे पत्र्याच्या छपराखाली वाळूच्या दोन लांब पट्ट्या, त्यांवर लाकडी चेंडू घरंगळवत बसलेले आम्ही पेन्शनर, आणि कोपऱ्यात नेल्सोची कँटीन. नेल्सोचं पोट पुढे आणि जीभ त्याच्याही पुढे. मी डेल्मो पेरेत्ती, गावच्या सहकारी बँकेचा कॅशियर होतो. ती बँक आता चपलांचं दुकान आहे. आम्ही सगळे इटलीतून पोटासाठी आलेल्या शेतकऱ्यांचे नातू. घास अंधारातही तोंडातच जातो, म्हणून दिवा मालवून जेवणारी जात. अशा माणसांकडून जुगार खेळवून घ्यायचा तर त्याला जुगार म्हणून चालत नाही.

ती साइट मला दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलो असताना मोबाइलवर सापडली. जगात जे काही घडणार असेल त्यावर तिथे पैसे लावतात: कोण निवडून येईल, कुठे बर्फ पडेल, कोणाचा घटस्फोट होईल. त्यातला एक प्रश्न दर महिन्याला यायचा. महिन्याच्या शेवटच्या दिवशी, न्यूयॉर्कचा बाजार बंद होताना, जगातली सगळ्यात मोठी कंपनी कोणती असेल? मोठी म्हणजे तिच्या सगळ्या शेअरांची मिळून जी किंमत होते, त्या हिशोबाने मोठी. प्रत्येक कंपनीच्या नावाची चिठ्ठी विकत मिळते. खरी ठरली तर चिठ्ठीला एक डॉलर, खोटी ठरली तर भोपळा. महिना संपायला दहा दिवस उरलेत आणि पहिली कंपनी दुसरीच्या बरीच पुढे आहे, असं असलं की पहिलीची चिठ्ठी सत्त्याण्णव सेंटला मिळायची. दहा दिवसांत सत्त्याण्णवचे शंभर. पंचवीस वर्षं काउंटरमागे काढलेल्या माणसाला व्याजाचा वास लांबून येतो. आमच्या देशात डॉलरवर महिन्याला तीन टक्के कोणी देत नाही. बँका देतात तो फक्त दिलासा, आणि तोसुद्धा पेसोमध्ये.

पाच महिने मी माझेच थोडे पैसे लावले. पाचही महिने आले. मग ते पचेनात, म्हणून क्लबात बोललो.

कंपन्यांची खरी नावं आमच्या तोंडात बसत नव्हती. म्हणून एक चिपवाली, एक फोनवाली, एक खिडकीवाली. चिपवाली तेव्हा पहिली होती. नेल्सो कॉफी ठेवता ठेवता विचारायचा, “काय डेल्मो, चिपवालीची तब्येत?” गाभण गाईची चौकशी करावी तसा.

एक दिवस एल्वियोने विचारलं, “ही पैज आहे का?”

एल्वियो बोइदी अडतीस वर्षं दूध कारखान्याच्या काट्यावर होता. टँकरमध्ये कोणी वीस लिटर पाणी घातलं असलं तरी काटा कसा झुकतो त्यावरून हा ओळखायचा. गावात त्याला काटाच म्हणत. पत्ते खेळताना तो काडेपेटीच्या काड्यासुद्धा लावत नसे. त्याने एकदा हो म्हटलं की गाव त्याच्या मागे हो म्हणायचं. आणि हे मला पक्कं ठाऊक होतं.

“पैज कसली?” मी म्हटलं. “मुदत ठेव आहे. दहा दिवसांची. रक्कम ठेवायची, मुदत भरली की व्याजासकट उचलायची.”

“कागद?”

“देतो की.”

बुडालेल्या बँकेची ठेवपावत्यांची पुस्तकं माझ्या गॅरेजमध्ये पडून होती. त्यातलंच एक मी झटकून आणलं आणि त्याच्यावर लिहून द्यायला लागलो. नाव, रक्कम, मुदत, व्याज, खाली माझी सही. बारा जणांनी पावत्या घेतल्या आणि घडी घालून पाकिटात ठेवल्या. हसू कोणालाच आलं नाही. मला तरी यायला हवं होतं.

अकरा महिने ठेवी वेळेवर सुटल्या. रस्त्यात लोक मला पुन्हा व्याजदर विचारायला लागले. एका बाईंनी तर मला ‘मॅनेजरसाहेब’ म्हटलं. मी कधीच मॅनेजर नव्हतो, पण त्यांची चूक मी दुरुस्त केली नाही.

आता ओनेलियाबद्दल सांगायला हवं. ओनेलिया माझी थोरली बहीण, सहासष्ट वर्षांची, बिनलग्नाची. तिचं ताज्या पास्त्याचं दुकान आहे, रविवारी अर्धं गाव रावियोलीसाठी रांगेत असतं. दोन हजार एकच्या डिसेंबरात सरकारने बँका गोठवल्या तेव्हा वडिलांच्या जमिनीचे तिचे डॉलर माझ्या बँकेत होते. माझ्याच शब्दावर ठेवलेले. काचेच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती, आणि मी तिला सांगतोय की आज मिळणार नाहीत, उद्या ये. वर्षभराने मिळाले ते पेसो, मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याचे. ती एका शब्दाने भांडली नाही. नाताळला मला जेवायला बोलावते, ताप आला तर सूप पाठवते. पण पैशाच्या बाबतीत मी तिच्या लेखी मेलो. दुधाने तोंड भाजलेलं माणूस ताकही फुंकून पितं म्हणतात. माझ्या बहिणीने ताक पिणंच सोडलं.

एल्वियो सहा वर्षांपूर्वी विधुर झाला आणि दर रविवारी तिच्या रांगेत उभा राहायला लागला. अर्धा किलो रावियोली न्यायचा. नेल्सो म्हणायचा, “एकट्या माणसाला अर्धा किलो? कुत्र्याला घालतो की ओनेलियाला दाखवायला नेतो?” तीन वर्षं असं चाललं. मग एका रविवारी एल्वियो रांग संपेपर्यंत थांबला आणि तिथेच जेवला. त्यानंतर रोजच.

दोघांनी रुळापलीकडे एक घर बघितलं. दोन खोल्या, मागे ओटा, किंमत चव्वेचाळीस हजार डॉलर. घर विकणाऱ्या म्हाताऱ्या बाई ऑगस्टच्या दहा तारखेला मुलीकडे जाणार होत्या. एल्वियोच्या वाट्याचं शेत त्याच्या मुलांनी विकत घेतलं होतं, त्याचे बावीस हजार त्याच्याकडे होते. मुलांना हे म्हातारपणीचं प्रकरण पसंत नव्हतं. थोरला सुंचालेसला राहायचा, तो उघड म्हणायचा, “बाबा, या वयात बायको नाही, नर्स लागते.” बावीस हजार ओनेलियाचे. चाळीस वर्षं पीठ लाटून जमवलेले. अर्धं त्याचं, अर्धं तिचं. दुसऱ्याच्या घरात राहण्याचं वय दोघांचंही उलटून गेलं होतं.

जुलैच्या वीस तारखेला दोघं माझ्याकडे आली. एल्वियोने टोपी काढून मांडीवर ठेवली.

“दहा ऑगस्टपर्यंत रक्कम नुसती पडून राहणार,” तो म्हणाला. “जुलैची ठेव केली तर गॅसची शेगडी सुटेल. गरम पाण्याचा बंबही.”

ओनेलियाने पर्समधून पुडकं काढून टेबलावर ठेवलं, पण त्यावरचा हात काढला नाही.

“हे बघ डेल्मो. मी तुझ्यावर विश्वास टाकत नाहीये. मी ह्याच्यावर टाकतेय.”

“कळलं.”

“कळलं असेल तर बघ माझ्याकडे.”

मी बघितलं. तिने हात काढला. मी दोन पावत्या फाडल्या, दोघांना एकेक दिली.

दुसऱ्या दिवशी मी डॉलर बदलणाऱ्याकडे गेलो. नोटा त्याला दिल्या की तो तेवढेच डॉलर मोबाइलच्या खात्यात टाकतो. बारा जणांचे दिले, एल्वियोचे दिले. ओनेलियाचं पुडकं कोटाच्या आतल्या खिशात होतं. ते काढायला हात गेला आणि तिथेच राहिला. “आणखी काही?” त्याने विचारलं. “नाही,” मी म्हटलं. घरी येऊन ते पुडकं कपाटात लोकरी बनियनांच्या खाली ठेवलं. शेगडीपुरतं व्याज खिशातून द्यायचं, कोणाला कळतंय, असं ठरवून मोकळा झालो. का ठेवलं, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. असे प्रश्न मी स्वतःला विचारत नाही, म्हणून तर माझी झोप चांगली आहे. म्हणजे होती.

तीस जुलैच्या संध्याकाळी खिडकीवालीने तिमाहीचे आकडे जाहीर केले. एकतीसला सकाळी न्यूयॉर्क उघडलं आणि ती उसळली. चिपवाली मात्र घसरायला लागली. दुपारी दोनला आम्ही सगळे क्लबात जमलो तेव्हा आमची सत्त्याण्णवची चिठ्ठी एक्याऐंशीवर होती. बाहेर आमच्या जुलैतल्या हिवाळ्याचं मऊ ऊन पडलं होतं, वाळूच्या पट्ट्यांवर कोणी उतरलं नाही. माते, नळीने ओढून प्यायचा आमचा कडू काढा, हातोहात फिरत होता, नेल्सो पुन्हा पुन्हा गरम पाणी आणून देत होता.

“चिपवालीला हगवण लागली वाटतं,” नेल्सो म्हणाला.

“गप रे. तुझे काय आहेत त्यात?”

“माझे दोन हजार आहेत, लेका. म्हणून तर बोलतोय. नसते तर गाणं म्हटलं असतं.”

तीन वाजता सत्तर. मी मोबाइल टेबलावर उताणा ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

“ऐका,” मी म्हटलं. “आत्ता चिठ्ठ्या विकल्या तर सत्तर टक्के हातात येतात. तीस गेले असं समजायचं आणि बाहेर पडायचं.”

सगळ्यांनी एल्वियोकडे बघितलं. त्याने मातेची नळी रुमालाने पुसली, शेजाऱ्याला दिली, आणि विचारलं, “मुदत किती वाजता भरते?”

“पाचला. तिथला बाजार बंद होतो तेव्हा.”

“मग पाचला. मुदतीआधी ठेव मोडायची नसते, डेल्मो. काउंटरवरून तूच सांगायचास, मोडलीस तर व्याज बुडेल म्हणून. अडतीस वर्षांत मी एकदाही मोडली नाही.”

“बरोबर आहे,” कोणीतरी म्हणालं. “काटा बरोबर बोलतोय.”

इथे मला बोलायचं होतं. एकच वाक्य: एल्वियो, ही ठेव नाही, पैज आहे, आणि आपण ती हरतोय. एवढं ऐकलं असतं तर तो उठला असता, सत्तर टक्के घेऊन टोपी घालून गेला असता आणि पुन्हा माझं तोंड बघितलं नसतं. पंधरा हजारांच्या वर डॉलर त्याच्या खिशात राहिले असते. पण मग मी कोण उरलो असतो? म्हाताऱ्यांना फसवून जुगार खेळवणारा. अकरा महिने मी ‘मॅनेजरसाहेब’ होतो. मी मोबाइल उचलला, काच बाहीला पुसली आणि परत ठेवला.

“तुम्ही म्हणाल तसं,” मी म्हटलं. आपल्याच हाताने आपल्याच थोबाडीत मारून घ्यायची सोय असती तर मी त्या क्षणी मारली असती.

चारला अठ्ठावन्न. साडेचारला चिपवाली थोडी सावरली, चिठ्ठी त्रेसष्टला गेली आणि दोघांनी टाळ्या वाजवल्या. पावणेपाचला एकेचाळीस. शेवटच्या दहा मिनिटांत मला आकडे दिसत होते पण वाचता येत नव्हते, नेल्सोच मोठ्याने वाचत होता. पाच वाजले तेव्हा खिडकीवाली जगात पहिली होती. किती फरकाने? हजारात चार. तासाभराने साइटने निकाल लावला आणि आमच्या रकमेच्या जागी भोपळा आला.

कोणी ओरडलं नाही, शिवी दिली नाही. आमच्याकडे गारपिटीत गहू झोपला तरी लोक आधी कोट घालतात आणि मग शेत बघायला जातात. तसेच सगळे कोट घालायला लागले.

“हरलो पैज,” नेल्सो म्हणाला. वर्षभरात त्या टेबलावर तो शब्द पहिल्यांदा आला.

“ठेव बुडाली,” एल्वियो म्हणाला. त्याने पाकिटातून पावती काढली, एकदा वाचली, आणि पुन्हा घडी घालून आत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओनेलियाचं पुडकं घेऊन दुकानाच्या मागच्या दाराने गेलो. खरं सांगतो, मी जवळजवळ आनंदात होतो. चोवीस वर्षांनी का होईना, बहिणीचे पैसे मी तिच्या हातात परत ठेवणार होतो, जसेच्या तसे. ती रडेल असं वाटलं होतं. मीही थोडा रडणार होतो.

ती रावियोलीचे चौकोन कापत होती. डोळे सुजलेले. एल्वियोने रात्रीच येऊन सांगितलं होतं.

“हे घे,” मी म्हटलं. “तुझे बुडले नाहीत. मी ते लावलेच नव्हते.”

ती पुडक्याकडे बघत राहिली. “का?”

“भीती वाटली.”

“कसली?”

“बुडतील अशी.”

“म्हणजे बुडू शकतात हे तुला माहीत होतं.”

“अगं, शंभरात तीन वेळा तर कुठलीही गोष्ट—”

“एल्वियोला सांगितलंस हे? शंभरात तीन?”

मी पुडकं तिच्याकडे सरकवलं.

“त्याला ठेव म्हणालास. पावती दिलीस. माझ्यासाठी सत्त्याण्णव पुरेना, आणि त्याच्यासाठी पुरले?”

“तू माझी बहीण आहेस, ओनेलिया!”

“आणि तो माझा कोण आहे?” तिने कातणं खाली ठेवलं. “माझं अर्धं घर वाचवलंस म्हणे. कुठलं अर्धं रे? स्वयंपाकघर की संडास?”

मला राग आला. उपकार करायला जावं आणि वर बोलणी खावीत. मी तसं म्हणालोही. ती हसली, आणि ते हसणं दोन हजार एकच्या काचेपलीकडच्या तिच्या गप्प राहण्यापेक्षा वाईट होतं. मग ती स्टुलावर बसली आणि बराच वेळ पिठाचा हात पिठाच्या हातावर घासत राहिली.

“जा त्याच्याकडे,” ती शेवटी म्हणाली. “हे पैसे त्याला दे. सांग, तुझेच कपाटात ठेवले होते, भीती वाटली म्हणून. ओनेलियाचे लावले, ते गेले.”

“तुला वेड लागलंय.”

“ऐक तरी. त्याचे गेले आणि माझे राहिले हे त्याला कळलं, तर तो माझ्या पैशाच्या घरात पाय टाकणार नाही. मी ओळखते त्याला. तोंड लपवून मुलाकडे जाईल. पुरुषाकडे काही उरलं नाही की तो मुलाकडे जातो. माझ्याकडे काही उरलं नाही तर मी सकाळी उठून पीठ मळते. त्याच्या हातात बावीस हजार असले तर तो ताठ राहील. म्हातारीला बावीस देऊ, बाकीचे हप्त्याने. दुकान आहे माझं. मी बोलले तिच्याशी, ती थांबेल.”

“केव्हा बोललीस?”

“सकाळी सहाला. तू आनंदात झोपला होतास तेव्हा.”

मी पुडकं उचललं. दारातून तिने हाक मारली. “डेल्मो, खोटं तुला चांगलं जमतं. एकदा माझ्यासाठी बोल.”

एल्वियो त्याच्या स्वयंपाकघरात होता. त्याने पाणी तापत ठेवलं होतं आणि टेबलावर मेणकापड अंथरलं होतं, गडद निळं. मी पाठ केलेलं सगळं बोललो. वाटेत तीनदा म्हणून बघितलं होतं, त्यामुळे अडखळलो नाही. त्याचा चेहरा आधी तांबडा झाला, मग पांढरा. त्याने पुडकं जवळ ओढलं, रबर काढलं, आणि अंगठा ओला करून एकेक नोट मोजायला लागला. माणसांवरचा विश्वास उडाला तरी मोजण्याची सवय सुटत नाही.

दहाव्या-बाराव्या नोटेला तो थांबला. दोन बोटं एकमेकांवर घासून त्याने ती उजेडात धरली. निळ्या मेणकापडावर पांढरी भुकटी पडली होती. बारीक पिठाची. आमची ओनेलिया दुकानातल्या रव्या-पिठाच्या पिंपात, तळाशी, पैसे ठेवते. एल्वियो तीन वर्षं त्या पिंपाशेजारी बसून जेवला आहे. टँकरमधलं वीस लिटर पाणी ओळखणारा माणूस, त्याला बोटावरचं पीठ कळणार नाही?

त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. वाटलं, आता तो उठेल, टोपी घालेल, हे पुडकं तिच्यासमोर आपटेल आणि दोघं भांडतील, रडतील आणि काहीतरी मार्ग काढतील. तसं झालं असतं तर मी मातेचा घुटका न घेता तिथून निघालो असतो आणि आयुष्यभर दोघांच्या शिव्या खाल्ल्या असत्या, आनंदाने.

“तिचे सगळे गेले?” त्याने विचारलं.

“सगळे.”

“बिचारी,” तो म्हणाला. मग तळव्याने त्याने मेणकापड पुसलं, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, काही राहू नये असं. आणि पुढची नोट मोजली.

दोनशे वीस नोटा भरल्यावर त्याने रबर लावलं. “बरं केलंस, डेल्मो. काही म्हण, तुला माणसाची चाड आहे.” वर मला मातेही दिला. मी तो प्यालो. थुंकून टाकायला हवा होता, पण प्यालो.

त्याने ओनेलियाला सांगितलं की विचार करतो. घाई नको, थोडं बघू. ऑगस्टची दहा तारीख गेली. म्हातारी बाई आणखी पंधरा दिवस थांबल्या आणि मग त्यांनी घर एका टायरवाल्याला विकलं. क्लबात मी जाणं सोडलं होतं, गाडी विकून बारा जणांचं जेवढं फिटलं तेवढं फेडलं, तरी नेल्सो मला रस्त्यात बघून टोपी काढायचा आणि मोठ्याने विचारायचा, “काय मॅनेजरसाहेब, व्याज काय म्हणतंय?” सप्टेंबरात एल्वियोच्या थोरल्या मुलाने सुंचालेसच्या घराच्या मागे बापासाठी खोली बांधली. वेगळं न्हाणीघर, गरम पाण्याचा बंब. कोणाच्या पैशाने? गाव म्हणायचं, बाबाच्या शेताच्या. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी एल्वियो टेम्पोत सामान घालून गेला. ओनेलियाला निरोप द्यायला दुकानात आला होता, गिऱ्हाइकं असतानाच. रविवारी येत जाईन म्हणाला. सुंचालेस चाळीस किलोमीटरवर आहे. तो आला नाही.

मी तिला त्या पिठाचं सांगायला तीनदा गेलो. एकदा पार मागच्या दारापर्यंत पोचलो, कडी हातात. सांगून काय मिळणार होतं? मला मोकळं वाटलं असतं. माझ्या मोकळं वाटण्याची किंमत आतापर्यंत दुसऱ्यांनीच मोजली होती. आणि तरी वाटायचं, तिला हक्क आहे. मग वाटायचं, कसला हक्क? ज्या एका माणसाकडे बघून तिने पुडक्यावरचा हात काढला, तोसुद्धा काढून घ्यायचा?

मागच्या रविवारी मी रांगेत उभा राहिलो. दुपारचा एक वाजला होता, मी शेवटचा. तिने माझं पाकीट बांधलं, दोरी दाताने तोडली आणि पहिल्यांदाच आपण होऊन तो विषय काढला.

“एक बरं झालं बघ. त्याला कळलं नाही.”

मी पैसे गल्ल्यावर ठेवले.

“कळलं असतं ना डेल्मो, तर त्याने एक नोट घेतली नसती. मरून गेला असता, पण घेतली नसती. त्याचे मुलगे पडले तसले, ते त्याला ओढून घेऊन गेले. पण माणूस म्हणून तो सोन्यासारखा. तुझ्यापायी माझे पैसे दोनदा गेले, ते जाऊ दे. माणूस मात्र मी पारखून घेतला होता.” तिने गल्ल्याचं झाकण लावलं आणि माझ्याकडे बघितलं. “हो की नाही? सांग ना. घेतली असती का त्याने?”

“नसती घेतली,” मी म्हटलं.

“तेच म्हणते मी,” ती म्हणाली आणि दुकानाचा पडदा ओढायला गेली.